गरम असताना

लेव्हिनच्या ब्रेंटने आधी चहा दिला.
गाडी अंगणात उभी, काचेवर दव,
एक लाख अठ्ठ्याण्णव हजार किलोमीटर.
"हात लावून बघा, गार आहे," म्हणाला,
जणू गार असणं हा सद्गुण.
किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात
निळा धूर ओकत, अंग झटकत ती उठली,
आणि मी, बावन्न वर्षांची, वांगानुईच्या कत्तलखान्यात
अठरा वर्षं मेंढ्यांच्या फासळ्या मोजणारी,
पोरीसारखी हसले.
फेरी मारून आलो तरी त्याने इंजिन बंद केलं नाही.
नोटा मोजतानाही ते चालूच होतं.
वाटलं, केवढा जीव आहे याचा गाडीवर.

या इंजिनात दट्ट्या नसतो.
वर-खाली नाही, धापा टाकणं नाही.
फुगीर बाजूंचा एक त्रिकोण
कमरेत आवळलेल्या खोलीत फिरत राहतो,
तिन्ही कोपरे भिंतीला टेकवून.
तेल पितं. पिणारच, घडणच तशी.
दर दुसऱ्या टाकीला मी दांडी पुसून बघायची,
अर्धा लिटर ओतायची.
बहीण रोइमाता म्हणायची,
एवढं दूध तू पोरांना पाजलं नाहीस.
पण रांगितिकेईच्या पांढऱ्या कड्यांवरून
काटा नऊ हजारांवर जायचा
आणि एक बारीक पिप वाजायचा, पुरे म्हणून.
इतकी वर्षं मला कुणी
पुरे म्हणायची वेळच आली नव्हती.

ताईहापेच्या पंपावर, जुलैत, पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली.
स्टार्टर फिरला, फिरला, फिरत राहिला.
मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला नाही,
उतरून आला आणि ढकलायला लागला,
ते जास्त लागलं.
दोन तासांनी, गार झाल्यावर,
काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली.

होआनीने शेडमध्ये प्लग काढून गेज लावला.
"ऐक, नायरी."
यायला हवं होतं फुस् फुस् फुस्, एका मापाचं.
आलं: फुस्.
मग नुसती हवा. मग नुसती हवा.
फुस्.
"एका कोपऱ्याची पट्टी तुटली."
"मग ठोके दोन कसे गेले?"
"दोन खोल्यांमधली भिंत ती.
पडली की दोन्हीकडची पडते."
गार असताना तेल जाड, ते फट झाकतं.
तापलं की पातळ होतं,
आणि आतलं सगळं उघडं पडतं.

नवं इंजिन गाडीच्या दुप्पट किमतीचं.
होआनी बोटं पुसत राहिला, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"जाड तेल घाल. सकाळी दाखव.
आणि मधे बंद करू नकोस."
तेव्हा कुठे ब्रेंटचा चहा मला कळला.
अजून एक बिस्किट घ्या, म्हणाला होता.

जाड तेल मी घातलं. हे सांगते,
नाहीतर गोष्ट फारच स्वच्छ होईल.

योसेफो पोरिरुआहून बसने आला,
आई बरोबर, पैसे तिच्या पर्समध्ये.
त्यांना आणायला मी स्टँडवर गेले
तीच गाडी घेऊन, चाळीस मिनिटांची वाट.
आणि थांबल्यावर बंद केली.
ठरवून नाही. किंवा ठरवून,
मला अजून सांगता येत नाही.
किल्ली त्याच्या हातात दिली.

स्टार्टर फिरला.
आई सामोअनमध्ये काही बोलू लागली,
त्याने हात वर केला: थांब.
मान कलती केली, डोळे मिटले.
"एक," म्हणाला. "एकच येतोय."
मी हो म्हटलं.

तो उतरला, बॉनेटवर तळहात ठेवला
आणि चटका बसला तरी काढला नाही.
आईने पर्स मांडीवर घट्ट धरली.
"किती?" तिने विचारलं,
मला की त्याला, कोण जाणे.